दांडी डाव्या हाताला

बुद्धभूषणच्या लेकीचं, मोनालीचं, बारसं झालं, त्या २०२४ सालची ही गोष्ट. बारशाला महिनाही झाला नव्हता.

दुपारी अडीचला चिकलठाण्याकडच्या एका वैमानिक-शाळेतून फोन आला. फौजदार अख्तरी शेख पोचल्या, तेव्हा मिस्त्री बुद्धभूषण नकली कॉकपिटच्या डाव्या खुर्चीत मरून पडला होता.

शाळेत अशी दोन कॉकपिट शेजारी-शेजारी होती. हे जुनं. खुर्चीसमोर, दोन गुडघ्यांच्या मधोमध मोठं सुकाणू. नव्यात सुकाणू नाही. खुर्चीच्या डाव्या कडेला वीतभर लोखंडी दांडी, समोर मोकळं.

सुकाणूचं झाकण उघडलेलं. मयताच्या उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. डाव्या तळव्यावर काळा चटका.

"शंभरदा सांगितलं, वीज बंद करून काम कर," संचालक राजेंद्र नाकाला रुमाल लावून म्हणाले. "ही माणसं ऐकतच नाहीत. निष्काळजीपणा लिहा आणि हे उचला. चारला पाहुणे यायचेत."

दारात त्याची बायको रत्नमाला उभी होती, कुशीत मोनाली.

"मॅडम, त्यांची चूक लिहू नका. घरातला बल्ब बदलतानाबी मेन बंद करायचे वो ते."

अख्तरीबाई वाकल्या. उजव्या हाताच्या बोटांवर पिठलं वाळलं होतं. स्क्रूड्रायव्हरची मूठ मात्र स्वच्छ.

"हा जेवायचा कुठं?"

"मला काय माहीत? हा काय, डबा खालीच पडलाय."

कोपऱ्यातला वायरमन रहीम पुढं आला. "खाली नाय, मॅडम. नव्या मशीनमधी. कँटीनमधी त्याचा कप येगळा ठिवला, तवापासून तो तिथं गेलाच नाय."

"कप कुणी वेगळा ठेवला?"

रहीमनं साहेबाकडं पाहिलं. साहेबानं खिडकीकडं.

"नव्याच मशीनमध्ये का?"

"तिथं टेबल निघतं ना. जुन्यात सुकाणू पोटाला लागतं, डबा ठिवणार कुठं?"

अख्तरीबाई नव्या कॉकपिटमध्ये शिरल्या. समोरचं टेबल अडकलं होतं. जोर लावून ओढलं. फटीत चुरगळलेली अर्धी भाकरी.

मग त्यांनी मेन स्विच पाहिला. तो चालू होता. मुठीला सुतळीचं कापलेलं टोक लोंबत होतं.

"इथं काय बांधलं होतं, रहीम?"

"पाटी. 'वीज चालू करू नये.' परवापासून दांडी झटका देती. त्यानं साहेबाला लिहूनबी दिलं व्हतं. आज जेवून दुरुस्त करणार व्हता."

पाटी राजेंद्रच्या टेबलाच्या खणात सापडली.

"पाहुण्यांना नवं यंत्र दाखवायचं होतं," अख्तरीबाई म्हणाल्या. "तुम्ही पाटी कापली, आत न बघता मेन चालू केला. तो आत जेवत होता. उजवा हात भाकरीला, डावा दांडीवर. तो मेला, तेव्हा तुम्ही टेबल ढकललं, चार पावलं ओढत त्याला जुन्यात बसवलं, उष्ट्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. डबा जमिनीवर ठेवला. त्याच्या पंगतीला तुम्ही एकदा बसला असतात, तर तो कुठं जेवतो ते कळलं असतं तुम्हाला."

"अहो मॅडम, त्याला हात लावला मी. अजून आंघोळसुद्धा केली नाही."

अख्तरीबाईंनी बेड्या काढल्या. त्या रहीमच्या हाती दिल्या. "तू धर. मला शिवायचं नाही याला."

रत्नमालानं फिर्यादीचा कागद वाचून घेतला, मगच सही केली. त्यात लिहिलं होतं : बुद्धभूषण कचरू दाभाडे, वय चौतीस, १२ मार्च २०२४ रोजी दुपारी दीडच्या सुमारास जेवत असताना मरण पावले. त्यांची चूक नव्हती.