तळ्याचं रिकामं पान

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या सख्ख्या वहिनीच्या घरात घडली आहे आणि तिनेच ती मला रडत रडत सांगितली. तिचं रडणं बघून मला दया आली नाही, हेही आधीच सांगून टाकते.

२००९ चा डिसेंबर. कॅनडातलं ओकव्हिल. पाचलाच काळोख झालेला.

आमच्या या वहिनीचं, प्रमोदिनीचं, नाक कायम वर. ओकव्हिलला घर घेतल्यापासून शेजारच्या मिसिसागाची माणसं तिच्या खिजगणतीतच नव्हती. त्यात सलोनी आणि देवेश नागपूरहून नुकतेच आलेले, भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहणारे. त्यांच्या नंदनचा वाढदिवस होता.

दुपारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रमोदिनीने भेट म्हणून एक चित्रांचं पुस्तक उचललं. पंखांचा सिंह, शिंगांचा मासा, असले काल्पनिक प्राणी. एका पानावर तळं होतं आणि काठावर पाठमोरं बसलेलं काहीतरी... केस पाण्यात सोडलेलं.

"मॉम, इट्स वेट," ओल्या पानावर बोट ठेवून तिची नऊ वर्षांची ऊर्मी म्हणाली.

"असू दे. बेसमेंटवाल्यांना कसलं कळतंय!"

घरी रॅप करताना तेच पान उघडलं गेलं.

तळं होतं...

काठावर कोणी नव्हतं.

"मॉम, व्हेअर डिड इट गो?"

"छपाईच तशी आहे," प्रमोदिनी म्हणाली. दुकानात तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिने घाईघाईने कागद गुंडाळला.

तेवढ्यात खालून, स्वतःच्याच घराच्या बेसमेंटमधून आवाज आला.

टप... टप... टप...

ओल्या पायांनी कोणी चालावं तसा.

ऊर्मी आईला बिलगली. "डोंट गो, मॉम. प्लीज."

"नाटकं बंद कर. पाइप गळत असेल. डॅडी आहे ना घरी!" माझा भाऊ उल्हास टीव्हीसमोर पेंगत होता.

प्रमोदिनी तिला घरी ठेवून पार्टीला गेली.

पार्टीत नंदनने हौसेने कागद फाडायला घेतला. हिने लगेच त्याचा हात धरला. "पाहुण्यांसमोर भेट उघडायची नसते, बाळा." सलोनी बिचारी ओशाळली. आपले रीतिरिवाज हिला नेमके तेव्हा आठवले, कारण चारचौघांत जुनं पुस्तक निघालं असतं.

ती घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला. सलोनी होती.

"ताई, थँक यू हं! नंदनला खूप आवडलं. त्यात तळ्याकाठी एक मुलगी बसलीय बघा, पाठमोरी. दोन वेण्या, लाल स्वेटर... अगदी तुमच्या ऊर्मीसारखी!"

प्रमोदिनी वळून ओरडली.

"ऊर्मी!"

घर शांत... उल्हास घोरत होता.

मग बेसमेंटच्या जिन्यावर...

टप... टप... टप...

"आले गं आई."

ऊर्मीने आयुष्यात कधी मराठीत उत्तर दिलं नव्हतं.

"ताई? काय झालं?" सलोनी फोनवर विचारत होती.

पुस्तक परत दे, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण दिलेली भेट परत मागायची? आणि तीही हिच्याकडे?

"काही नाही," प्रमोदिनी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चार दिवसांनी तिचा धीर सुटला, तेव्हा ती सलोनीकडे धावत गेली. बेसमेंट रिकामं होतं. देवेशला विनिपेगला नोकरी लागली होती. फोन बंद.

आता ऊर्मी सुरेख मराठी बोलते. मंडळात सगळे तोंडभरून कौतुक करतात आणि प्रमोदिनी मान ताठ ठेवून ते ऐकून घेते. मला तिची किळस येते.

परवा मी गेले होते. ऊर्मीने वाकून नमस्कार केला. "आत्या, पाणी हवं?" म्हणाली आणि आत गेली.

जमिनीवर ओली पावलं उमटली होती...

मी पाणी न पिताच निघाले.

विनिपेगमध्ये कोणी सलोनी आणि देवेशला ओळखत असेल, तर त्यांना एवढा निरोप द्या. नंदन आता मोठा झाला असेल, तरी ते पुस्तक टाकून देऊ नका. आमची मुलगी त्यात आहे.