तेलरंगावरच्या फरशा

राखेची पाटी घेऊन फुला मागल्या दारातून वेगात निघाली आणि समोरून येणारा माणूस गुडघ्यापर्यंत राखाडी झाला.

"अगं बाई—"

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "सिमिट बी ह्याच रंगाचं असतं."

तो विंझर गावचा रायबा, सोयऱ्यांतलाच गवंडी. जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली भोरात चुलीमागे पांढऱ्या चिनी मातीच्या फरशा लावायची टूम निघाली होती. सोमवारी फुलाला पाहायला पुण्याचा कारकून येणार होता, आणि पांढऱ्या फरशीपुढे मुलगी उजळ दिसते, असं तिच्या वडिलांना, आनंदरावांना, कोणीतरी सांगितलं होतं. मुलीचं मत कोणी विचारलं नव्हतं. फरशीचंही नव्हतं.

रायबा दिवसा चुलीमागच्या तेलरंगाच्या भिंतीवर फरशा लावी; सकाळी त्या खाली पडलेल्या असत. फुटू नयेत म्हणून तो जाताना खाली गोणपाट अंथरून जाई. आनंदराव सिमिटाला शिव्या देत. फुला नुसती आत-बाहेर करी. आमटीत मीठ दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. शनिवारी तिला राहवेना.

"अवं गवंडी, छिन्नीनं टाचं मारून भित खडबडीत केल्याबिगर तेलरंगावर सिमिट धरतं व्हय?"

"न्हाई धरत."

"मग मारत का न्हाई?"

"रंग... चांगला हाय."

"रंगाकडं कुठं बगता तुमी!"

रायबाच्या हातातली थापी थांबली. "फरशी बसली की मी विंझरला. आन् सोमवारी..."

"सोमवारी काय?"

"तुमाला ठावं हाय."

"मला ठावं आसून काय उपेग?" तिनं आवाज चढवला. "आबा! गवंड्यांना काय तरी सांगायचंय!"

आनंदराव आले. फुला माजघरात पळाली आणि चुलीमागच्या भिंतीला कान लावून उभी राहिली.

"फरशा म्या मुद्दाम पडू दिल्या," पलीकडून रायबा म्हणाला. "मला... फुला पायजे."

फुलाची नखं खाऊन संपली.

"तुझ्या घरी चुलीमागं काय हाय?" आनंदरावांनी विचारलं.

"माती."

"हं... उद्या सकाळी एक जरी फरशी खाली दिसली, तर तू विंझरला. न्हाईतर पुण्याला निरोप धाडतो, येऊ नका म्हणून."

छिन्नीचा पहिला घाव पडला. मग दुसरा. मग मोजता येईनात. फुलाच्या कानाशी भिंत थरथरू लागली. तिनं कान काढून तळहात टेकवला आणि हसू दाबत म्हणाली,

"अवं, हळू... भिंतीसकट हिकडं याल!"