अंगठ्याने धरलेलं चित्र

मॅरिट क्वामची वेंडल सॅटरशी ओळख झाली ती त्याच्या बुटांपासून. ऑल्सबर्गच्या लुथरन चर्चच्या तळघरात छताला टांगलेल्या प्रोजेक्टरखाली शिडी उभी होती, आणि शिडीच्या चौथ्या पायरीवर ते बूट. बाकीचा माणूस वर होता.

"सिग्नल नाही म्हणतंय," बूट म्हणाले.

"ते मलाही वाचता येतंय," मॅरिट म्हणाली. समोर निळ्या पडद्यावर ते हातभर अक्षरांत लिहिलेलंच होतं.

वर चर्चमध्ये तिच्या वडिलांच्या अंत्यविधीची प्रार्थना नुकतीच आटोपली होती. ऐंशी माणसं हॅमची सँडविचेस घेऊन खाली बसली होती आणि कॉफी पीत होती. मिनेसोटात दुःख झालं की माणसं कॉफी पितात. आनंद झाला तरी तेच करतात, त्यामुळे परक्याला पटकन फरक कळत नाही.

तिची आई, बोर्गहिल्ड, पाच दिवसांत एकच वाक्य बोलली होती – "मला तो एकदा मोठा बघायचाय." म्हणून मॅरिटने घरातले सगळे अल्बम उचकून फोटो लॅपटॉपवर चढवले होते. आता आई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स ठेवून, त्या निळ्या पडद्याकडे बघत होती... जणू तो निळा रंगच तिचा नवरा होता.

रिमोट मिसेस होव्हलंड यांच्याकडे होता. गेली अकरा वर्षं तो चर्चच्या स्वयंपाकघरातल्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांच्या पहाऱ्यात असे. त्या तो पडद्यावर रोखून दाबत होत्या.

"मिसेस होव्हलंड, यंत्र मागे आहे," वेंडल वरून म्हणाला.

"मला माहितेय कुठे आहे ते. पण चित्र पुढे येतं ना?"

"माझ्याकडे रोखा. आणि 'सोर्स' दाबा. एकदाच."

त्यांनी तीनदा दाबलं. संगणक, व्हिडिओ, एचडीएमआय – यंत्राने सगळ्या दारांतून डोकावून पाहिलं. कुणीही घरी नव्हतं.

"शेजारी जुनं निळं पोर्ट आहे," वेंडल म्हणाला. "त्याची वायर तुमच्या लॅपटॉपला लागते?"

"नाही. ही एकच लागते."

टॉर्च पेटला. मग, "अं..."

"काय झालं?"

"इथे गोंद आहे. पोर्ट आतून सुटलंय, ते कुणीतरी चिकटवलं होतं. बाजूला पेन्सिलने लिहिलंय – 'तात्पुरतं'. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. आणि सही... एच. के."

हॉल्वर क्वाम. तिचे वडील. त्यांची तात्पुरती दुरुस्ती नऊ वर्षं टिकली होती आणि नेमकी आज सुटली होती.

मॅरिट हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा, आणि जरा मोठ्यानेच. ऐंशी माणसांनी वळून पाहिलं, मग सभ्यपणे आपापल्या सँडविचकडे पाहिलं. शिडीवरून पहिल्यांदाच एक चेहरा खाली वाकला. राखाडी डोळे, कपाळावर धूळ. ते डोळे तिच्यावर जरुरीपेक्षा दोन-तीन सेकंद जास्तच रेंगाळले.

"सर मला भौतिकशास्त्र शिकवायचे," तो हळूच म्हणाला. "कधी 'सी'च्या वर ग्रेड दिली नाही."

"मलाही नाही. आणि मी तर त्यांच्याच घरात राहत होते!" मग तिला आईची आठवण झाली. "दुसरं पोर्ट कुठे मिळेल?"

"पंचेचाळीस मैलांवर. या बर्फात... उद्या." तो क्षणभर थांबला. "एक करता येईल. वायर आत घालून मी अंगठ्याने वर दाबून धरतो. बघा."

निळा रंग गेला. भिंतभर हॉल्वर क्वाम उभे राहिले, हातात मासा.

"बावीस मिनिटांचं आहे," मॅरिट म्हणाली.

"मासे बरेच असतील."

"बरेच."

तळघरातले दिवे मालवले. पंख्याची गरम हवा कानावर घेत, मान वाकडी करून, वेंडल उभा राहिला. शिडीच्या पायथ्याशी मॅरिट लॅपटॉप घेऊन उभी होती. तळी, लग्न, ट्रॅक्टर, पुन्हा मासा... प्रत्येक चित्राचा रंग तिच्या गालावर येऊन जात होता. तिने सहज वर पाहिलं.

"चित्रं तिकडे आहेत," ती कुजबुजली.

"इथून पडदा दिसत नाही."

"मग काय दिसतं?"

"जे दिसतंय... ते ठीक आहे."

शेवटचं चित्र आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हसणारे हॉल्वर. बोर्गहिल्ड उठली, पडद्यापाशी गेली. तिने त्या मोठ्या गालावर तळहात ठेवला, आणि नवऱ्याचा अर्धा चेहरा तिच्या पांढऱ्या केसांवर उमटला. ती तशीच उभी राहिली. एक मिनिट, चार मिनिटं, नऊ... कुणी खुर्चीही सरकवली नाही.

"हात थरथरतोय तुमचा," मॅरिट पुटपुटली.

"थरथरू दे. त्यांचं होईपर्यंत धरतो."

अखेर बोर्गहिल्ड वळली. खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "कॉफी गरम आहे का?" मिसेस होव्हलंड धावल्या. रिमोटसकट.

वेंडल खाली उतरला, पण मूठ उघडेना. मॅरिटने त्याचा हात हातात घेतला आणि एकेक बोट सोडवू लागली. तर्जनी सुटली. अंगठा जागचा हलेना.

"कधी परत जाताय?" त्याने विचारलं.

"रविवारी. सिअ‍ॅटल."

"पोर्ट उद्या मिळेल, पण बदलायला निदान पंधरा दिवस लागतील. शिडी धरायला कुणीतरी हवं."

"शिडी धरायला इथे ऐंशी माणसं आहेत."

"आहेत. पण त्यांना मी विचारत नाहीये."

ज्या गावात नवरा-बायकोही चारचौघांत हात धरत नाहीत, तिथे मॅरिटने बशीतलं सँडविच उचललं आणि, त्याची बोटं अजून आखडलेली म्हणून, थेट त्याच्या तोंडाशी धरलं. ऐंशी माणसं एकाच वेळी कॉफी ढवळू लागली. त्यांतल्या बहुतेकांच्या कपात साखर नव्हती.

"रविवार रद्द करते," ती म्हणाली. "तू चाव."