आरशावरची चादर

नेऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी इनॉक पेणकरला सांगितलं, निवृत्त माणसाने बागेत भाजीबिजी लावावी. इनॉकने लावली पतंगांची पेटी. बादलीवर नरसाळं, वर दिवा, आत अंड्यांचे रिकामे ट्रे आणि मागे दोरीवर पांढरी चादर. दिव्याला भुललेला पतंग नरसाळ्यातून आत उतरे आणि बाहेरची वाट काही त्याला सापडत नसे. उजाडलं की इनॉक आणि त्याची बायको शोशाना चहाचे कप घेऊन एकेक ट्रे उचलत. कुणी वाळक्या पानासारखा, कुणाच्या पंखांवर डोळे. शोशाना त्यांना नातेवाइकांची नावं द्यायची, हसताना चहा सांडायची, आणि मग सगळ्यांना तगरीच्या सावलीत सोडून द्यायची. पाहुण्याला डांबून ठेवू नये, म्हणायची.

गणपती गेले त्याच आठवड्यात शोशानाही गेली. तिची धाकटी बहीण सॅली धावत आली. कुणी वारलं की त्यांच्या ज्यू रिवाजात सात दिवस जमिनीवर बसायचं, घरातला आरसा झाकायचा. घाईत सॅलीच्या हाताला पेटीचीच चादर लागली. तीच तिने निजायच्या खोलीतल्या आरशावर टाकली आणि बजावलं, "सात दिवस होईपर्यंत काढू नका, भाऊजी."

इनॉकला घर खायला उठलं होतं. एका संध्याकाळी सॅली पनवेलला गेली, तेव्हा त्याला राहवलं नाही. चादर आपलीच तर आहे, असं म्हणत त्याने ती ओढली, बागेत बांधली आणि दिवा लावला.

सकाळी चादर पतंगांनी भरली होती. मधोमध मात्र जागा कोरी. त्या कोऱ्या जागेचा आकार बसलेल्या बाईचा, मानेवर सैल अंबाडा. शोशाना आरशासमोर अशीच बसायची. खरं सांगायचं तर इनॉकला आधी आनंदच झाला, डोळे भरून आले. भीती मागाहून आली. त्याने पतंग हलकेच झटकले आणि चादर पुन्हा आरशावर टाकली.

त्या संध्याकाळी पेटी बंद होती. सॅली स्वयंपाकघरात मासे तळत होती. इनॉक खोलीत आला, तर चादरीखालून निळसर उजेड झिरपत होता. काचेच्या आतून काहीतरी मऊ आपटत होतं... थांबत होतं... पुन्हा आपटत होतं.

"शोशाना?"

"अहो... चहा निवतोय," काचेआडून तिचाच आवाज आला.

इनॉकला नरसाळं आठवलं. बाहेरची वाट सापडत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण शोशाना सकाळी सोडून देते, हेही आठवलं. त्याने चादर उचलली.

सॅली त्याला जेवायला हाका मारत आली. खोलीत इनॉक नव्हता, चादर जमिनीवर पडली होती. आरशात खाट होती, खिडकी होती, सॅली स्वतः होती. आरशातल्या स्टुलावर इनॉकचा चष्मा होता आणि शेजारी दोन कप. सॅलीने वळून पाहिलं. खोलीतलं स्टूल रिकामं होतं.

शोशाना कुणाला डांबून ठेवणारी नव्हती. म्हणून सॅली अजून रोज उजाडता उजाडता तगरीपाशी जाऊन भाऊजींची वाट पाहत उभी राहते. आरशातला चहा मात्र अजून वाफाळतोच आहे.