बिननावाचं बटण

एका हातात पांढरी काठी आणि दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी घेऊन तो बुटांच्या दुकानात शिरला.

"मला पाय दोनच आहेत हो," तो काउंटरपाशी येऊन म्हणाला. "तुम्ही चौदा बूट पाठवलेत!"

काउंटरमागे बसलेल्या दुकानदाराच्या पुतणीला हसू आवरेना. काकांच्या दुकानाची वेबसाइट तिनेच बनवली होती आणि चार लोकांत ती त्याबद्दल मिरवतही असे.

"मग सात जोड मागवले कोणी?"

"मला दिसत नाही. पानावरचं मोबाइल वाचून दाखवतो. तुमच्याकडे तो नुसता 'बटण... बटण... बटण' म्हणत राहिला. कुठलं कशाचं, कसं कळणार? मी आपला दाबत बसलो."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. बटणांवर तिने सुरेख चित्रं काढली होती, नाव मात्र एकालाही दिलं नव्हतं. काका ओशाळले. त्यात वेबसाइटमधल्या अशाच चुका शोधणं हा त्याचा व्यवसाय निघाला, तेव्हा त्यांनी ते काम तिथल्या तिथे त्याच्याच गळ्यात घातलं.

मग दर गुरुवारी तो येऊ लागला. कानात इअरफोन, ओठांवर मिश्कील हसू. तो चुका सांगायचा, ती सुधारायची.

"फोटोचं वर्णन 'तपकिरी बूट'... एवढंच?"

"मग काय, कविता करू?"

"करून बघा की. ऐकायला मी आहेच—"

त्याच्या कानात दिवसभर बोलणाऱ्या त्या यंत्रातल्या बाईचा तिला चक्क हेवा वाटू लागला. ती प्रेमात पडली होती, अगदी सपशेल. पंचाईत एवढीच, की चुका संपत आल्या होत्या, आणि त्या संपल्या की त्याचं येणंही संपणार होतं. मग तिने शक्कल लढवली. दर बुधवारी एका बटणाचं नाव गुपचूप पुसून टाकायचं!

अखेर काकांनी फर्मान काढलं, "आता पुरे. सोमवारी सुधारलेली वेबसाइट सुरू."

शेवटच्या गुरुवारी तिने एक बटण जास्तीचं ठेवलं आणि त्याला नाव दिलं. नेमका त्याच दिवशी तो इअरफोन घरी विसरला. यंत्रातली बाई भर दुकानात ठणठणीत आवाजात म्हणाली, "चुका मी मुद्दाम ठेवत होते. चूक नसताना येशील का? बटण."

काकांच्या हातातला बूट खाली पडला. तिचे कान तापले. पळावं म्हटलं तर दारात गिऱ्हाईक उभं.

"सुधारलेलं बटण पुन्हा बिननावाचं झालं, तेव्हाच मला कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "पण काम संपलं म्हणायला जीभ रेटेना..."

त्याने बटण दाबलं. "काहीच होत नाहीये."

"पुढचं केलंच नाही मी... धीर झाला नाही."

"दाबल्यावर व्हायला काय हवं?"

तिने त्याचा हात हातात घेतला. काकांना एकाएकी आत जाऊन खोकी लावण्याची आठवण झाली.

"आता चालतंय," तो म्हणाला. "पण सोमवारच्या आत काढून टाक हं हे. नाहीतर माझ्यासारखं कुणीतरी सात वेळा दाबेल."