उंदीरपाखराची हजेरी

आमच्या खोऱ्यात त्याला उंदीरपाखरू म्हणतात. रंग राखाडी, चिमणीहूनही लहान, आणि उडायचा भारी कंटाळा. ओल्या बांबूच्या जाळीतून ते उंदरासारखं पळतं. बारा वर्षं मी त्याच्या मागे होते. कुस्को शहरातल्या संग्रहालयातली नोकरी सांभाळून दर सप्टेंबरात मी इलारियो मामाच्या घरी येऊन राहायची.

प्रश्न साधा होता. नदीच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाखरू हातात घेऊन पाहिलं, तर पिसाचाही फरक नाही. गाणं मात्र वेगळं. अलीकडचं 'टिक्, टिक्, टिक्' असं सुटं, पलीकडचं 'टिरिक्, टिरिक्' असं जोडीनं. दोन्ही गाणी आठ सेकंदांची. मग जात एक की दोन? दोन ठरल्या, तर आमच्या बाजूची जात जगात या एकाच उतारावर आहे असं सिद्ध झालं असतं, आणि लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा नियोजित रस्ता या जंगलातून गेला नसता. गावाचा झरा याच जंगलात आहे.

"बारा वर्षांत लोकांची पोरं शाळेत जायला लागली," मामा म्हणायचा, "आणि तुला एक पाखरू ओळखता येईना!"

"तुम्हाला तरी कुठे स्वतःची मेंढरं ओळखता येतात?" फोर्तुनाता मामी चुलीपाशी बसून उत्तर द्यायची. "नेलिदा, तू खा गं. सूप निवतंय."

त्या वर्षी मी आवाज टिपणारे, पेटीबंद सात रेकॉर्डर आणले. घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवली. कड्यापासून खाली उतरत चार अलीकडे बांधले, आणि पलीकडे चढत जाणारे तीन. नदीची गाज मध्ये येऊ नये म्हणून काठ मुद्दाम टाळला. पहिल्या आणि शेवटच्या पेटीत चालत सहा तासांचं अंतर होतं.

आठवड्यानं पेट्या उतरवल्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर सात कागदी पट्ट्या एकाखाली एक मांडल्या आणि कुठल्या पेटीत पाखरू कधी गायलं ते पेन्सिलीनं भरत गेले. मामा भाजलेले मक्याचे दाणे खात बघत होता.

"हा जिना कसला काढलास?"

खरंच जिना होता. रोज पहाटे सहाला सहा मिनिटं असताना पहिल्या पेटीतलं पाखरू एकदाच गायचं. ते संपलं की त्याच सेकंदाला दुसरीतलं, मग तिसरीतलं. असं नदीकडे उतरत, नदी ओलांडून, पलीकडे वर. त्या वेळात दुसरं कुणी मध्ये तोंड घालत नव्हतं. सातवं गाऊन झालं की मग सगळ्या जंगलाचा नेहमीचा गोंगाट सुरू. सातही दिवस असंच.

"हजेरी देतात," मामा म्हणाला.

"एकमेकांचं ऐकू येणार नाही इतकी लांब आहेत ती, मामा."

त्यानं पट्ट्यांवर बोट ठेवलं. "आणि इथला कोण गैरहजर?"

चौथी आणि पाचवी पेटी यांच्यामध्ये आठ सेकंद कोरे होते. रोज.

मधे काय होतं? नदी, आणि तिच्यावरचा दोरांचा पूल. जाळी नाही, झुडूप नाही; उंदीरपाखरू तिथे जाणंच शक्य नाही. तरी मी एक पेटी पुलाच्या मध्यावर बांधली.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून ऐकलं. नदीची गाज, नुसती गाज. वेळ जवळ आली. मामीनं कलथा बाजूला ठेवला.

गाज बंद झाली.

यंत्र बिघडलं असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या शांततेत पुलाचा दोर कुरकुरला. अगदी स्वच्छ. यंत्र चालू होतं. आठ सेकंदांनी गाज परत आली.

पुढच्या पहाटे मामा आणि मी पुलावर उभे राहिलो. धुकं विरळ होतं. खाली पाणी दगडांवर आपटत होतं, तुषार तोंडावर येत होते.

मग आवाज गेला.

पाणी तसंच धावत होतं. फेस उडत होता. आवाज तेवढा नव्हता.

मामानं टोपी काढली.

आवाज परतला, आणि पलीकडच्या उतारावर 'टिरिक्, टिरिक्' सुरू झालं.

घराकडे येताना तो एवढंच म्हणाला, "हे लिहिणार आहेस?"

"नाही."

"बरं."

मी लिहिलं ते मात्र खरंच होतं: सातही पेट्यांत एकाही पाखरानं दुसऱ्या काठाचं गाणं गायलं नव्हतं; जाती दोन, सीमा नदी. ते मान्य झालं. रस्ता दुसऱ्या खोऱ्यातून गेला. गावानं मेंढरू कापलं, मामा चिचा, म्हणजे मक्याची दारू, पिऊन नाचला आणि मामीनं सगळ्यांदेखत त्याची नक्कल केली. निवृत्त होऊन मी आता इथेच राहते. झरा वाहतोय, बटाटे चांगले येतात. रोज पहाटे कप घेऊन पुलावर जाते. भीती कधीच वाटली नाही. उलट त्या आठ सेकंदांत मन इतकं निवांत होतं, की दिवसभर पुरतं.

या सप्टेंबरात सहज घड्याळ लावून मोजलं. नदी अकरा सेकंद गप्प होती. मग आठवडाभर लावलं. रोज अकरा.

पाखरांचं गाणंही मोजलं. ते अजून आठच सेकंदांचं आहे.