राखेत उमटलेला चोर

"पाच!" दुर्बिणीला डोळे लावून करण कुजबुजला. "खोकडाची पाच पिल्लं आहेत!"

"चारच आहेत," जया फणकारली. "तीन आठवडे मोजतेय मी."

धाकट्या आरतीनं दुर्बीण हिसकावून घेतली. "व्हय गं ताई, पाच! एक मागं झोपलंय!"

माळावरचं खोकडाचं, म्हणजे छोट्या कोल्ह्याचं, हे बीळ जयानं शोधलं होतं. मिरजगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर कुणाची शेळी चुकली, तर माग काढायला तिलाच हाक मारत. आणि हा आत्याचा मुलगा केडगावहून सुट्टीला येऊन दोनच दिवस झाले, तर आरती दिवसभर 'करणदादा, करणदादा'!

मुलं घरी आली, तेव्हा छबूकाकी खुराड्यापाशी कपाळाला हात लावून बसली होती. "कोंबडीचं तिसरं पिल्लू गेलं गं बाई!"

करण गुडघ्यांवर बसला. भुसभुशीत मातीत एक पुसट ठसा होता. "गोल आहे, नखं नाहीत. चालताना खोकडाची नखं उमटतात. मांजर आपली आत ओढून घेतं. हे मांजरच!"

जयालाही तेच दिसलं होतं. पण तो आधी बोलला होता!

"खोकड आहे," ती ठासून म्हणाली. "असल्या मातीत नखं उठत नाहीत."

"जयी म्हनती म्हंजी खोकडच!" बिभीषणकाका बाजेवरून गरजले. त्यांचा लाडका बोका बाळ्या मांडीवर पसरला होता. "उद्या सकाळीच बिळाला धुरी देतो. मिरच्या टाकून!"

'नको, काका,' एवढंच तर जयाला म्हणायचं होतं! पण शेजारी करण उभा होता.

संध्याकाळी करणनं चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती पसरली. जयानं तिकडं बघितलंसुद्धा नाही.

तांबडं फुटताच ती अंगण झाडायला आली आणि थबकली. राखेत लख्ख ठसे होते. चार बोटं, त्यातलं एक तिरकं, आणि नख एकही नाही! तिथून पांढरी पावलं थेट काकांच्या बाजेकडे गेली होती. बाजेखाली बाळ्या मिशा चाटत होता!

बाज मात्र रिकामी होती. काका कडबा आणि मिरच्या घेऊन निघाले होते!

हातात खराटा होता. दोन फटकारे मारले, की करणचं खरं होतं हे कुणालाच कळलं नसतं. पण पुराव्याशिवाय काका थांबणारही नव्हते. जयानं दात आवळले, ठशांवर घमेलं पालथं घातलं आणि ती माळाकडे पळत सुटली.

काका काडी ओढतच होते.

"काका, थांबा! मी खोटं बोलले!" ती धापा टाकत ओरडली. "ठसा मांजराचाच होता. करण आधी बोलला, म्हणून मी नाही म्हणाले!"

"मांजराचा? कुनाच्या मांजराचा?"

"तुमच्या बाळ्याचा!"

"माझा बाळ्या? त्यो दूधभाकरीबिगर कशाला तोंड लावत न्हाई!"

"मग घरी चला, बघा!"

घरी जयानं घमेलं बाजूला केलं. करणनं बोक्याला उचललं आणि त्याचा पंजा राखेत, ठशाशेजारी अलगद दाबला. तेच तिरकं बोट! बाजेखालून आरतीनं पिवळी पिसं काढून दाखवली.

"चोर तुमच्या उशाशी, अन् धुरी माळाला!" काकी कडाडली. "आन् खुराड्याची कडी रोज कोन लावतं?"

"मीच लावतो की," काका ओशाळले. "म्हंजी… लावायची ऱ्हाती कवाकवा." मग त्यांनी करणच्या पाठीवर थाप मारली. "लई हुशार हायेस, लेका!"

जयाला ती थाप आपल्याच पाठीत बसल्यासारखी लागली. तरी ती म्हणाली, "राखेची युक्ती त्याचीच."

काका तिच्याकडे वळले. "पर तू धावत आली नसतीस, तर आज माझ्या हातनं पाप झालं असतं, पोरी. आपलं खोटं असं तोंडावर कबूल करायला धमक लागती!"

"करणदादा, आता कुणाचे ठसे बघायचे?" आरतीनं विचारलं.

"तुझ्या ताईला विचार," करण म्हणाला. "मला मांजराच्या पुढचं फारसं येत नाही."

जयाला ते आवडलं. आणि आवडलं म्हणून त्याचा पुन्हा थोडा रागही आला!